आजी, डी ड्राइव्ह आणि लिनक्स

नवा लॅपटॉप परवडत नव्हता, म्हणून जुन्यातच नवी सिस्टीम टाकायला घेतली. सिस्टीम फुकट होती. शिकवणीची फी मात्र भलतीच निघाली!

'मॅडम, याच्यावर कशाला पैसे घालताय? नवीनच घ्या ना!'

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने माझा लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला. स्थळाकडचे लोक पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात ना, अगदी तितक्या थंडपणे. लॅपटॉपचा गुन्हा काय, तर जन्मसाल. मी मास कॉमला अॅडमिशन घेतली तेव्हा, २०१८ मध्ये, बाबांनी तो घेऊन दिला होता. आत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची सोय लागते. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभर जादा सिक्युरिटी अपडेट्स देणारी योजना होती, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. थोडक्यात काय, मशीन ठणठणीत, कीबोर्ड मस्त, स्क्रीनवर एक ओरखडा नाही, पण कागदोपत्री म्हातारं!

नव्या लॅपटॉपचा आकडा ऐकला. ५५ हजार. मी फ्रीलान्सर आहे. फ्रीलान्सर म्हणजे काय, ते 'पेमेंट या आठवड्यात नक्की' हे वाक्य ज्यांनी सलग तीन महिने ऐकलंय त्यांना विचारा. दिवाळी अंकांची कामं नुकतीच संपली होती, पैसे यायचे होते, आणि येणाऱ्या पैशांवर आधीच घरभाड्याचं नाव लिहिलेलं होतं.

नोकरी सोडताना सगळ्यांनी मला पीएफची, मेडिक्लेमची आठवण करून दिली होती. एका गोष्टीची कुणीच दिली नाही. ऑफिसमध्ये आयटीवाला असतो! तुम्ही एक्स्टेन्शन फिरवता, तो येतो, तुमच्या खुर्चीत बसतो, तुम्ही चहा पिऊन येता आणि सगळं नीट झालेलं असतं. कॉम्प्युटर हा माझ्यासाठी आयुष्यभर 'बघ ना काय झालंय' असाच विषय होता. शाळेत असताना दादाला, कॉलेजात मित्राला, ऑफिसात आयटीवाल्याला. दहा-बारा वर्षं रोज आठ तास हाताळलेल्या वस्तूबद्दल मला काही म्हणजे काहीही माहीत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका

लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतले काका भेटले. सरकारी बँकेतून रिटायर झालेले. सकाळी पर्वती, दुपारी झोप, संध्याकाळी भाजी. माझं तोंड बघून विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, 'टाकून देऊ नकोस. लिनक्स टाक.'

मला हसूच आलं. माझ्या डोक्यात लिनक्स म्हणजे काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं आणि हुडी घातलेली मुलं. काका तर स्वेटर आणि माकडटोपीवाले! पण त्याच संध्याकाळी ते एक कागदी पाकीट घेऊन आले. आत सीडी होती. उबुंटू ६.०६, साल २००६.

'ही पोस्टाने आली होती मला. पत्ता कळवला आणि आली. एक पैसा नाही.'

मग कळलं, असं खरंच व्हायचं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला तो लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने ते जाहीर केलं तेव्हा हा आपला छंद आहे, फार मोठं काही नाही, असंच त्याचं म्हणणं होतं. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने 'ग्नू' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला होता. या दोघांच्या कामाची गाठ पडली आणि पूर्ण सिस्टीम उभी राहिली. तिचे नंतर शेकडो अवतार निघाले. त्यातला उबुंटू हा ऑक्टोबर २००४ चा, मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकेच्या उद्योजकाने सुरू केलेला. त्याआधी, २००२ मध्ये हा गडी स्वतःच्या पैशाने अंतराळात जाऊन आला होता! इंटरनेट सगळीकडे धडपणे पोचलेलं नव्हतं, म्हणून त्याची कंपनी मागेल त्याला जगभर सीड्या पाठवायची. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. काकांनी पाकीट मात्र जपून ठेवलंय.

'पण काका, फुकट का देतात? काहीतरी गोम असणारच ना?'

काका म्हणाले, 'इंग्रजीत फ्री या एकाच शब्दाचा घोळ आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत. फुकट आणि मुक्त. हे मुक्त आहे. वापर, आत काय आहे ते उघडून बघ, बदल, दुसऱ्याला दे. कुणी अडवणार नाही. शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही कमी होतं का?'

हे मला पटलं. शिवाय खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे आणि जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतायत, हे ऐकल्यावर हुडीवाली मुलं डोक्यातून गेली. ठरलं, टाकायचं.

ट्रेलर एकदम सॉलिड!

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगते. लिनक्स इन्स्टॉल न करताच वापरून बघता येतं! मी उबुंटू २४.०४ ची फाइल उतरवली, जवळपास ६ जीबीची. काकांनी दाखवलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढवली. लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ१२ दाबत बसले, यादीतून पेन ड्राइव्ह निवडला, आणि पाच मिनिटांत समोर एक वेगळंच घर उभं. डावीकडे आयकॉन्सची पट्टी, वर घड्याळ, सगळं कसं आटोपशीर. आतल्या हार्ड डिस्कला हात लागलेला नाही. पेन ड्राइव्ह काढला की आपलं जुनं विंडोज जिथल्या तिथे. सिनेमाचं तिकीट काढायच्या आधी बघायचा ट्रेलरच म्हणा ना!

ट्रेलरमध्ये एकच खोट निघाली. वायफाय गायब. काकांना फोन केला, तर म्हणाले, 'मोबाइल केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर.' केलं. मोबाइलच्या नेटवर 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' नावाची खिडकी उघडली, तिने स्वतःच माझ्या वायफाय चिपचा ड्रायव्हर शोधला, मी बटण दाबलं आणि वरच्या कोपऱ्यात वायफायचा पंखा उमटला. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरमधलं काहीतरी मी माझ्या हाताने दुरुस्त केलं होतं. काय सांगू, भयंकर माज आला!

आणि माज आला की पुढे काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच.

डी कुठाय?

काकांनी बजावलं होतं, 'इन्स्टॉल रविवारी करू. मी समोर असताना. आधी सगळ्याचा बॅकअप घे.' मी शुक्रवारी रात्री साडेअकराला एकटीच बसले. बॅकअप घेतला होता. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, सगळं माझ्या जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर. डी ड्राइव्हचं काय? डी तर सेफच असतो की!

हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. आपल्याकडे लॅपटॉप घेतला की दुकानदार त्याचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो. मग दर दोन वर्षांनी मशीन स्लो झालं की 'फॉरमॅट मारतो, सीमधलं काढून घ्या, डीला काही होत नाही.' या मंत्रावर आपली अख्खी पिढी वाढली. त्यामुळे जपून ठेवायचं ते सगळं डीमध्ये. बँकेच्या लॉकरसारखं.

इन्स्टॉल करताना दोन-तीन पर्याय आले. एक होता विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकायचा. दुसरा, 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू.' मला विंडोज नकोच होतं. दुसरा निवडला. एकदा विचारलं, खात्री आहे का. मी 'आहे' म्हटलं. वीसेक मिनिटांत काम झालं. झोपायच्या आधी मैत्रिणींच्या ग्रुपवर स्क्रीनचा फोटोही टाकला.

सकाळी चहाचा कप घेऊन बसले आणि डी शोधायला लागले. फाइल्स उघडलं. नाही. 'अदर लोकेशन्स' असा काहीतरी पर्याय दिसला, तिथे गेले. नाही. पाच मिनिटं मी स्वतःला समजावत होते की लिनक्समध्ये त्याला वेगळं काहीतरी म्हणत असतील. मग आदल्या रात्रीचं वाक्य आठवलं. इरेज डिस्क. सी नाही, डी नाही. डिस्क. सी आणि डी या दोन वस्तू नव्हत्याच कधी. एकाच खोलीत मध्ये लावलेला पडदा होता तो. आणि मी अख्खी खोली रिकामी केली होती.

डीमध्ये सिनेमे होते, गाणी होती, कॉलेजचे प्रोजेक्ट होते. ते जाऊ दे. डीमध्ये 'आजी' नावाचा एक फोल्डर होता.

माझी आजी २०२४ मध्ये गेली. त्याच्या आदल्या वर्षी मी एका लेखासाठी माझा छोटा व्हॉइस रेकॉर्डर घेऊन तिच्यासमोर बसले होते. विषय पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१. आजी तेव्हा सोळा वर्षांची होती, नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. पळापळीत तिच्या आईने दागिन्यांचा डबा म्हणून उचलला तो दळणाचा डबा निघाला, हे ती दर वेळी हसून सांगायची. लेखात मी त्यातल्या जेमतेम दहा ओळी वापरल्या. बाकीचं तसंच ठेवलं. चार फाइल्स, सव्वादोन तास. सावकाश उतरवून काढू म्हणून. आईला त्या ऐकायच्या होत्या. तिने दोनदा विचारलंही होतं. मी म्हटलं होतं, 'आहेत गं, कुठे जातायत?'

पाट्या आणि बिऱ्हाडं

मी तशीच वर गेले. काकांनी एका शब्दाने 'तरी मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, 'लॅपटॉप चालू आहे? आधी बंद कर. काहीही सेव्ह करू नकोस.'

मग त्यांनी समजावलं. डिस्क 'इरेज' होते तेव्हा प्रत्येक गोष्ट खरवडून काढली जात नाही. कुठली फाइल कुठे आहे याची यादी तेवढी पुसली जाते. 'वाड्याच्या दारावरच्या पाट्या काढल्या म्हणून आतली बिऱ्हाडं लगेच जातात का? नवं बिऱ्हाड त्या खोलीत शिरेपर्यंत जुनं तिथेच असतं.' उबुंटूने १ टीबीच्या डिस्कमधली मोजकीच जागा व्यापली होती. बाकीच्या खोल्यांमध्ये कुणी शिरलं नव्हतं. आणि माझं नशीब असं, की लॅपटॉप जुना म्हणून आत फिरणारी हार्ड डिस्क होती. हल्लीची एसएसडी असती, तर मोकळी झालेली जागा ती बहुतेक वेळा स्वतःच साफ करून टाकते. ज्या म्हातारपणावरून दुकानदाराने नाक मुरडलं होतं, तेच आता कामाला येणार होतं!

काकांनी खुर्ची ओढली, ती माझ्यासाठी. स्वतः बाजूला स्टुलावर बसले. मी म्हटलं, 'काका, तुम्हीच करा ना. माझे हात थरथरतायत.'

'मी नाही करणार. तू टाइप कर, मी बघतो.'

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! पण इलाज नव्हता. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला, म्हणजे आतल्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. मैत्रिणीकडून १ टीबीची रिकामी एक्स्टर्नल मागून आणली, कारण सापडलेल्या फाइल्स त्याच डिस्कवर ठेवायच्या नसतात. आणि मग उघडली ती काळी खिडकी. टर्मिनल.

पहिली कमांड : सुडो एपीटी इन्स्टॉल टेस्टडिस्क. सुडो म्हणजे हे काम मालकाच्या अधिकाराने कर. एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर आणून देणारा. मी टाइप केलं, एंटर मारलं, एरर. एक अक्षर चुकलं होतं. परत. 'टी' राहिला. परत. माझ्या मनात आलं, इथे कुणी 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असं विचारत नाही की काय? मग नीट वाचलं, तर एररमध्येच लिहिलेलं होतं काय चुकलंय ते. मी आयुष्यात कधी एरर वाचलीच नव्हती. एरर आली की ओके दाबायचं आणि हाक मारायची, एवढंच माहीत!

त्या दिवशी आणखी काही गोष्टी कळल्या. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. पुढे घरच्या उबुंटूवर मी पहिल्यांदा पासवर्ड टाकायला बसले तेव्हा कीबोर्ड बिघडला म्हणून घाबरले होते. कॉपी करायला नेहमीचं कंट्रोल-सी मारलं तर चालू असलेलं कामच थांबतं. आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद इथे पक्का. मोठ्या डीचं डॉक्युमेंट्स वेगळं, लहान डीचं वेगळं. आधी वैताग आला. मग वाटलं, आपल्याला यात नवल कसलं? दिन आणि दीन यांतला फरक न कळणाऱ्याची कॉपी आपण लाल करतोच की!

टेस्टडिस्कसोबत येणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव फोटोरेक. तोही मुक्त. नाव फोटोचं असलं तरी तो शेकडो प्रकारच्या फाइल्स शोधतो. यादी पुसलेली असते, म्हणून तो यादीकडे बघतच नाही. डिस्क एका टोकाकडून वाचत जातो आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात जशी असते, तशी खूण कुठे दिसते का ते बघतो. आम्ही फक्त एमपी३ निवडलं. एंटर. स्क्रीनवर आकडे सरकायला लागले. अजून इतके तास, असं खाली दिसत होतं.

रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. मी त्याच्याशेजारी सतरंजीवर झोपले. म्हणजे पडून राहिले. लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडले, हेही लिहायला हरकत नाही.

झालं का तुझं यंत्र सुरू?

सकाळी हजारावर फाइल्स सापडल्या होत्या. पण नावं गेलेली. प्रत्येकीचं नाव एफ आणि पुढे लांबलचक आकडा. आमच्या कॉलेजच्या दिवसांतली सगळी गाणी, कुणाकुणाच्या मुलाखती आणि त्यात कुठेतरी आजी. एकेक उघडून ऐकायचं म्हटलं तर आठवडा गेला असता.

काका म्हणाले, 'विचार कर. आजीच्या फाइलमध्ये वेगळं काय असेल?'

मी विचार केला. 'मोठ्या असतील. गाणी पाच मिनिटांची, आजी अर्ध्या-अर्ध्या तासाची.'

'मग आकाराने लाव.'

त्यासाठी कमांड आहे. एलएस, मग एक आडवी रेघ, त्याला चिकटून लहान एल आणि मोठा एस. ही मी स्वतः शोधून काढली, टर्मिनलमधल्याच मदतीच्या पानावरून. 'मॅन' असं लिहून पुढे कमांडचं नाव टाकलं की त्या कमांडचं मॅन्युअल उघडतं. भाषा रुक्ष, पण सगळं लिहिलेलं असतं. एंटर मारलं आणि सगळ्यात मोठ्या फाइल्स वर आल्या. पहिली एका नगरसेवकाची मुलाखत निघाली. दुसरी कसलीशी पत्रकार परिषद. तिसरी उघडली तर आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग भांड्याचा आवाज. आणि मग, 'झालं का गं तुझं ते यंत्र सुरू?'

काका उठून गॅलरीत गेले.

चारपैकी तीन फाइल्स अख्ख्या मिळाल्या. चौथी अकरा मिनिटं चालते आणि मध्येच तुटून एक हिंदी गाणं सुरू होतं. डिस्कवर ती फाइल तुकड्यातुकड्यांत ठेवलेली असावी आणि फोटोरेकने पुढचा तुकडा म्हणून शेजारचं गाणं जोडलं. पाणी ओसरलं, आजी आणि तिची आई वाड्याकडे परत निघाल्या, कोपऱ्यावर आल्या आणि... धडाम, गाणं. पुढे काय झालं, ते मी तिच्यासमोर बसून ऐकलं होतं. आज नीट आठवत नाही. तेव्हा म्हटलं होतं ना, रेकॉर्ड झालंय!

आणि मग रोजचं

या गोष्टीला आता काही महिने झाले. लॅपटॉपवर उबुंटूच आहे. आता मी एकदम टेक्नो-गुरू झाले, असं वाटत असेल तर तसं काही नाही. पण काम चालतं, आणि छान चालतं. ब्राउझर तोच, मेल तोच. लिहायला लिब्रेऑफिस आहे. वर्डची फाइल उघडते, वर्डच्या फाइलमध्ये सेव्हही होते. तक्ते फार असले तर इकडचं तिकडे सरकतं, म्हणून पाठवण्याआधी एकदा नजर टाकते.

मराठीची धास्ती होती. सेटिंग्जमध्ये मराठी जोडली, भाषा बदलायला एक कीबोर्ड शॉर्टकट, झालं. मी फोनेटिकवाली होते. पण एकदा शिकायलाच बसलो आहोत, तर म्हटलं इनस्क्रिप्टही शिकू. भारतीय भाषांसाठीचा हा प्रमाण कीबोर्ड १९८६ मधला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवस नुसती रडारड. एका ओळीला दहा मिनिटं! आता ळ हवा तर शिफ्ट-एन, आणि 'कऱ्हाड'मधला तो ऱ हवा तर शिफ्ट-जे, हे बोटांनाच पाठ झालंय. विंडोजवरही हीच रचना चालते, म्हणजे शिकलेलं कुठे वाया जाणार नाही.

जे जमत नाही तेही सांगते. फोटोशॉप आणि इनडिझाइन लिनक्ससाठी निघतच नाहीत. त्यांच्याऐवजी गिंप आणि स्क्रायबस आहेत, पण रोजचं पान लावणाऱ्या आर्टिस्टला मी 'बदल' असं म्हणणार नाही. एका ऑफिसमधून अजून युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या फॉन्टमध्ये मजकूर येतो, तो उघडला की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. कंपनीचं खास सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर आधी विचारूनच घ्यावं.

मग एवढ्या उपद्व्यापात मला मिळालं काय? ५५ हजार वाचले, ते तर झालंच. पण खरं सांगू? मला माझी आळशी सवय दिसली. 'बघ ना काय झालंय' म्हणून मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायचं, आणि त्याने सांगितलेलं 'डीला काही होत नाही' डोळे मिटून मानायचं. लिनक्सने माझी चूक अडवली नाही. मालकीण म्हणून विचारलं, मालकीण म्हणून मी हो म्हटलं, आणि त्याने केलं. पण चूक निस्तरायची हत्यारंही तिथेच उघड्यावर पडली होती, कुलूप न लावता. फक्त ती उचलायला मला खुर्चीत बसावं लागलं. त्या दिवशी काका खुर्चीत बसले असते तर फाइल्स कदाचित लवकर मिळाल्या असत्या. मी मात्र पुढच्या वेळी परत वरच्या मजल्यावर धावले असते.

परवा दादाचा फोन आला. त्याचा जुना डेस्कटॉप बंद पडलाय. आमच्या घरातला कॉम्प्युटरवाला दादा, आणि तो मला म्हणतो, 'बघ ना काय झालंय!' मी म्हटलं, 'बघते. पण टाइप तू करायचंस.'

आईने आजीच्या तिन्ही फाइल्स ऐकल्या, एका बैठकीत. चौथीत गाणं सुरू झालं तेव्हा ती आधी हसली आणि मग गप्प बसली. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी साताऱ्याला जाणार आहोत, आजीच्या धाकट्या बहिणीकडे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, पण वाड्यात परतल्यावर काय दिसलं ते तिला आठवतं म्हणे. रेकॉर्डर चार्ज करून ठेवलाय. घरी आल्यावर फाइलच्या तीन प्रती. एक लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नलवर, एक आईकडे.

ट्राय करायचंय? मग हे लक्षात ठेवा...

* बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवरची प्रत. सी, डी, ई हे एकाच डिस्कचे भाग असू शकतात. आधी खात्री करा.
* सुरुवात 'ट्राय'पासून. पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. आवडलं तरच पुढे.
* उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्या. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं अपडेट्स मिळतात. विंडोजसारखा तोंडवळा हवा असेल तर लिनक्स मिंट बघा.
* 'इरेज' हा शब्द दिसला की हात मागे घ्या. पाणी प्या. वाक्य पुन्हा वाचा.
* फाइल उडालीच तर मशीन ताबडतोब बंद करा. जितकं कमी वापराल तितकी ती सापडण्याची शक्यता जास्त.
* कमांड समजल्याशिवाय एंटर मारू नका. आणि एरर आली तर ती वाचा. खरंच वाचा!